हरायला परवानगी हवी, पण हिशोबासकट

कॉन्व्हेंटवाला मराठी विभागात लिहितोय म्हटल्यावर आमच्या विंगमध्ये जो हशा पिकला, तो अजून थांबलेला नाही. रास्तच आहे. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, हे मला आजही मनातल्या मनात उलटं मोजून ठरवावं लागतं. म्हणून या लेखातले महत्त्वाचे आकडे अक्षरांत न लिहिता अंकांत लिहिलेत आणि दोनदा तपासलेत. शुद्धलेखनाचं तेवढं तुम्ही सांभाळून घ्या.

तर विषय असा. यंदा कॉलेजच्या फुटबॉल टीमचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलंय. पडलंय असंच म्हणायचं, कारण दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. गेल्या वर्षी झोनलला आपण ४ मॅचेस खेळलो, चारही हरलो, १३ गोल खाल्ले आणि १ मारला. सेक्रेटरी झाल्यापासून मेसच्या रांगेत ताट घेऊन उभा असलो तरी सल्ले मिळतात. "कॅप्टन बदल." "त्या बी विंगच्या पोरांना काढ." "नवीन जर्सी घे, जरा जोश येईल." वर जिमखान्याच्या मीटिंगमध्ये हळूच सुचवण्यात आलं, की यंदाही पहिल्याच फेरीत बाहेर पडलात तर पुढच्या वर्षीच्या प्रवासखर्चाचा विचार करावा लागेल. म्हणजे सगळ्यांना पुढच्या महिन्यात जिंकायचंय. मलाही जिंकायचंय हो! पण बुडालेली टीम वर काढण्याचा जो एक नीट किस्सा मला माहीत आहे, तो वेगळंच काही सांगतो. तो किस्सा माझ्या मामाच्या टीमचा आहे.

मामा २००१ साली नोकरीसाठी अमेरिकेत डेट्रॉइटजवळ नोवीला गेला. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिथल्या लोकांत मिसळायचं म्हणून त्याने तिथली टीम धरली, डेट्रॉइट लायन्स. खेळ अमेरिकन फुटबॉल. मामाचं दुर्दैव बघा, जगात इतक्या टीम्स असताना याला नेमकी हीच मिळाली! लहानपणी दिवाळीला त्याचा फोन आला की फराळाच्या चौकशीनंतर पाच मिनिटं लायन्सचं रडगाणं ठरलेलं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चेंडू लांबट, हातात घेऊन पळायचा किंवा फेकायचा. दोन्हीकडे ११ जण. ४ प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना. फेकणारा तो क्वार्टरबॅक, लांब पळत जाऊन झेलणारे ते वाइड रिसीव्हर. टीव्हीवर हेच दिसतात, पोस्टर यांचीच लागतात. पण क्वार्टरबॅकला फेकायला जे दोन-तीन सेकंद मिळतात, ते त्याच्यासमोर उभे असलेले ५ धिप्पाड गडी मिळवून देतात. त्यांना म्हणतात ऑफेन्सिव्ह लाइन. चेंडू त्यांच्या हातात फारसा येतच नाही आणि त्यांची नावंही कुणी घेत नाही. सिव्हिलवाल्यांना जास्त सांगायला नको. फाउंडेशनचा फोटो कोण काढतं?

आता टीम बांधायची कशी? तिथे ३२ टीम्स आहेत आणि दरवर्षी कॉलेजमधून निघणाऱ्या खेळाडूंची वाटणी होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. एकूण ७ राउंड. आपल्या कॅप राउंडसारखंच समजा, फक्त उलटं. आपल्याकडे टॉपर पहिल्यांदा कॉलेज निवडतो. तिथे सगळ्यात खालच्या नंबरची टीम पहिल्यांदा खेळाडू निवडते. आणि हा निवडीचा हक्क अदलाबदलीत देता-घेता येतो, पुढच्या वर्षीचासुद्धा! शिवाय पगारांवर सगळ्यांना सारखीच मर्यादा. मेसच्या बजेटसारखं. सोमवारीच पनीरवर उधळलं की शनिवारी डाळीत डाळ शोधावी लागते. हा सगळा व्यवहार जो बघतो तो जनरल मॅनेजर. कोच वेगळा. कोच आहे त्या पोरांना खेळवतो. ती पोरं आणतो जनरल मॅनेजर.

मामा गेला त्याच वर्षी, २००१ मध्ये, लायन्सचा कारभार मॅट मिलन या माणसाकडे आला. पदाचं नाव अध्यक्ष, पण टीम बांधायचं काम त्याचंच. खेळाडू म्हणून तगडा, सुपर बोल जिंकलेल्या टीम्समध्ये चार वेळा होता. नंतर टीव्हीवर कॉमेंट्री करायचा. पण टीम बांधण्याच्या ऑफिसात एक दिवसही काम केलेलं नव्हतं. त्याच्या हातात आली तेव्हा टीम अगदीच वाईट नव्हती. २००० च्या हंगामात ९ जिंकून ७ हरली होती. पहिल्याच वर्षी ती २ जिंकून १४ हरली. मग २००३, २००४ आणि २००५ अशी सलग तीन वर्षं त्याने ड्राफ्टमधली पहिली निवड वाइड रिसीव्हरवर खर्च केली. पोस्टरवाल्या जागेवर! फेकणाऱ्याला उभं राहायला दोन सेकंद मिळत नाहीत आणि हा झेलणारे गोळा करतोय. लोक स्टेडियममध्ये त्याला काढा असे फलक घेऊन यायला लागले. तरी मालकांनी धीर धरला. सप्टेंबर २००८ मध्ये एकदाचं त्याला काढलं, तोवर हिशोब झाला होता ३१ विजय आणि ८४ पराभव. त्या वर्षी टीम १६ पैकी १६ मॅचेस हरली. त्या लीगमध्ये १६ मॅचेसच्या हंगामात असं आधी कधीच घडलं नव्हतं.

हे मुद्दाम आधी सांगितलं. कारण आपल्याकडे टीम बांधणीची चर्चा निघाली की कुणीतरी गंभीर चेहरा करून म्हणतं, "पेशन्स ठेवायला पाहिजे." मिलनला सात वर्षं मिळाली. पेशन्स काय कमी होता? नुसत्या धीराने टीम सुधारत असती तर डेट्रॉइटमध्ये तेव्हाच दिवाळी झाली असती.

मधली वर्षं सोडून देतो, मामालाही ती आठवत नाहीत. २०२० च्या हंगामात टीम ५ जिंकून ११ हरली. नोव्हेंबरमध्येच जनरल मॅनेजर आणि कोच दोघांनाही घरी पाठवलं होतं. त्याच वर्षी मालकीणबाईही नवीन आल्या होत्या, शीला फोर्ड हॅम्प. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी ब्रॅड होम्सला जनरल मॅनेजर केलं. हा माणूस पोस्टरवाला नव्हता. २००३ साली रॅम्स नावाच्या टीमच्या जनसंपर्क विभागात इंटर्न म्हणून चिकटला, मग खेळाडू पारखण्याच्या कामात गेला आणि तिथेच वर चढत कॉलेज खेळाडूंच्या निवडीचा प्रमुख झाला. म्हणजे १८ वर्षं गावोगावच्या कॉलेजांत जाऊन पोरं बघणं हाच त्याचा अभ्यास. कोच आला डॅन कॅम्पबेल. त्याने पहिल्याच पत्रकार परिषदेत आमची टीम समोरच्याच्या गुडघ्याची वाटी चावेल असं काहीसं सांगितल्यावर देशभर चेष्टा झाली. मामाने तर डोक्यालाच हात लावला.

होम्सने आल्या आल्या काय केलं? टीममधली सगळ्यात मौल्यवान वस्तू दिली. मॅथ्यू स्टॅफर्ड हा क्वार्टरबॅक १२ वर्षं डेट्रॉइटमध्ये होता, लोकांचा जीव होता त्याच्यावर. त्याला स्वतःलाही आता दुसरीकडे जायचं होतं. होम्सने त्याला रॅम्सकडे दिलं आणि बदल्यात ड्राफ्टच्या पहिल्या राउंडच्या दोन निवडी (२०२२ आणि २०२३ च्या), तिसऱ्या राउंडची एक निवड आणि जॅरेड गॉफ हा क्वार्टरबॅक घेतला. गॉफ म्हणजे रॅम्सला नकोसा झालेला माणूस, मोठ्या पगारासकट. सगळ्यांना वाटलं, हा दोन वर्षांपुरता ठिगळ म्हणून आणलाय.

मग ड्राफ्ट. २०२१ मध्ये होम्सने पहिल्या तीनही निवडी लाइनवर खर्च केल्या. एक ऑफेन्सिव्ह लाइनचा, दोन समोरच्या डिफेन्सिव्ह लाइनचे. पहिला पेनेई स्यूएल, तेव्हा वय वर्षं वीस, म्हणजे आज माझं आहे तेवढं. (त्याचं वजन मात्र माझ्या दुपटीहून जास्त.) रिसीव्हर घेतला तो थेट चौथ्या राउंडमध्ये, ११२ व्या नंबरवर, आमोन-रा सेंट ब्राउन. त्याच्या आधी १६ रिसीव्हर निवडले गेले होते आणि त्या सोळाही जणांची नावं त्याने पाठ करून ठेवली. आपल्यातल्या कॅपच्या शेवटच्या राउंडमधून आलेल्यांना ही भावना समजेल.

आणि निकाल? त्या वर्षी टीम पहिल्या ११ मॅचेसपैकी एकही जिंकली नाही. एक बरोबरी, दहा पराभव. पहिला विजय डिसेंबर उजाडल्यावर मिळाला. हंगाम संपला ३ विजय, १३ पराभव आणि १ बरोबरीवर. वर मीठ चोळायला, तिकडे स्टॅफर्डने पहिल्याच वर्षी रॅम्सला सुपर बोल जिंकून दिला. विचार करा, त्या दिवशी होम्सला लोक काय काय बोलले असतील! मामाने मात्र फोनवर एक वाक्य सांगितलं ते माझ्या लक्षात राहिलं. म्हणाला, "अरे, हरतो तर आम्ही दरवर्षीच. पण कशासाठी हरतोय हे पहिल्यांदाच दिसतंय."

२०२२ ची सुरुवातही तशीच, पहिल्या ७ पैकी ६ पराभव. आपल्या जिमखान्याने तेव्हाच कुलूप लावलं असतं. पण त्या ऑक्टोबरात मालकीणबाई स्वतः पत्रकारांसमोर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, माझा या लोकांवर विश्वास आहे, हे मुळापासूनचं बांधकाम आहे, वेळ लागणार. पुढच्या १० पैकी ८ मॅचेस टीमने जिंकल्या.

याला मी नुसता धीर म्हणणार नाही. कारण बाईंना दाखवण्यासारखं काहीतरी होतं. पहिल्या वर्षी घेतलेली पोरं मैदानावर रोज खेळत होती आणि दर महिन्याला आधीपेक्षा बरी खेळत होती. मिलनकडे हेच दाखवायला नव्हतं. दोघांनाही हरायची परवानगी मिळाली. फरक हा, की एकाकडे हिशोब होता.

खोटं कशाला बोलू, नशीबही होतं. २०२२ मध्ये रॅम्स घसरले आणि त्यांच्याकडून मिळालेली २०२३ ची निवड अचानक ६ व्या नंबरची ठरली. होम्सने तीही घट्ट धरून ठेवली नाही. १२ व्या नंबरवर खाली उतरला आणि बदल्यात ३४ वा नंबरही मिळवला. त्या दोन निवडींतून आले जॅमिर गिब्स आणि सॅम लापोर्टा. पहिल्याच वर्षी दोघं कामाला लागले. नशीब म्हणा. पण लॉटरी लागायची तर आधी तिकीट काढावं लागतं, ते त्याने २०२१ मध्येच काढलं होतं. चुकाही झाल्या. त्या पहिल्या तीन निवडींतला एक जण पाठीच्या दुखापतीने २०२२ चा अख्खा हंगाम घरी बसला. पण तीनपैकी एक चुकला तरी भिंत उभी राहते. सगळा पैसा एकाच खांबावर लावला आणि तोच चुकला तर छप्पर अंगावर येतं.

१५ जानेवारी २०२४. सोमवार, संक्रांतीचा दिवस. मी एफईला होतो. सकाळी साडेसहाला मामाचा व्हिडिओ कॉल. तिकडे रविवारची रात्र. मामाने फोन टीव्हीसमोर टेकवून ठेवला आणि मी रजईत, रूम पार्टनरच्या शिव्या खात, ती मॅच बघितली. प्लेऑफ. डेट्रॉइटमध्ये. समोर कोण? रॅम्स. त्यांचा क्वार्टरबॅक कोण? स्टॅफर्ड! आणि इकडे तोच नकोसा गॉफ. लायन्स २४-२३ ने जिंकले. १९५७ च्या अजिंक्यपदानंतर त्यांनी प्लेऑफची एकच मॅच जिंकली होती, ती जानेवारी १९९२ मध्ये. ही दुसरी. अख्खं स्टेडियम गॉफच्या नावाचा घोष करत होतं. मामा काही बोलतच नव्हता. मग म्हणाला, "तिळगूळ घे रे," आणि फोन ठेवला.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. दोनच आठवड्यांनी सान फ्रान्सिस्कोविरुद्ध हाफ टाइमला २४-७ ने पुढे असून ३१-३४ ने हरले. २०२४ च्या हंगामात १५ जिंकून २ हरले, तरी प्लेऑफच्या पहिल्याच मॅचमध्ये बाहेर. मग दोन मोठे सहायक कोच दुसरीकडे हेड कोच म्हणून गेले, आणि २०२५ च्या हंगामात ९ विजय, ८ पराभव, प्लेऑफ हुकला. सुपर बोल अजून नाहीच. टीम एकदा बांधली की झालं, असं नसतं. पण जी टीम ३ जिंकून मान खाली घालायची, तिला आज ९ विजयांची लाज वाटते. मला वाटतं, टीम बांधली गेली म्हणजे हेच.

आता आपल्याकडे येतो. आपली ऐपत वेगळी, खेळही वेगळा. आपल्याकडे ना पगार, ना अदलाबदल, आणि मित्रांना माल समजून विकण्याचा विचारही नको. पण एक गोष्ट आपल्याला फुकट मिळते. आपला ड्राफ्ट दरवर्षी ऑगस्टमध्ये होतो. एफईची नवी पोरं हॉस्टेलला बॅगा घेऊन उतरतात तेव्हा! फक्त आपण तिथे बघायला हजर नसतो. गेल्या वर्षी १८ जणांच्या टीममध्ये एफईचा एकच होता आणि तो एक मिनिटही खेळला नाही. निवड कशी झाली? ओळखीवर. हे मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. निवडीला मीही बसलो होतो आणि माझ्या विंगचे दोघं मीच घुसवले होते.

म्हणून सेक्रेटरी या नात्याने चार गोष्टी जाहीर करतो. एक, १८ पैकी निदान ९ जण एफई-एसईचे असतील. दोन, आधी गोलकीपर आणि डिफेन्स. १३ गोल खाणाऱ्या टीमला स्ट्रायकर शोधत बसण्याचा अधिकार नाही. तीन, निवड ओळखीवर होणार नाही. तीन दिवस ट्रायल आणि निवडीला स्पोर्ट्सचे सर. चार, दर महिन्याला नोटीस बोर्डावर हिशोब लागेल. प्रॅक्टिसला कोण किती दिवस आलं, ज्युनिअर पोरं किती मिनिटं खेळली, गोल किती खाल्ले.

जिमखान्याला आणि सरांना एकच विनंती. दोन वर्षं द्या. यंदा आपण बहुतेक हरणार. १३ चे ८ गोल झाले तर आरडाओरड करू नका. ८ चे १५ झाले आणि बोर्डावरचा हिशोबही कोरा असेल, तर मात्र दोन वर्षं थांबू नका. मला त्याच दिवशी काढा.

सगळ्यात अवघड काम गेल्या आठवड्यात केलं. गेल्या वर्षीचा आपला एकुलता एक गोल ज्याने मारला, तो बीईचा सिनिअर. जूनमध्ये जाणार. त्याला सांगितलं, की यंदा तू अर्धीच मॅच खेळायचीस आणि उरलेल्या वेळात एफईच्या स्ट्रायकरला शिकवायचंस. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. मेसमध्ये दुसऱ्या टेबलावर बसला. वाटलं, मैत्री गेली. रविवारी सकाळी ग्राउंडवर गेलो तर तो माझ्या आधी आलेला, आणि एफईच्या एका पोराला चेंडू कसा थांबवायचा ते दाखवत होता. मला बघून एवढंच म्हणाला, "याचे बूट फाटलेत. आधी ते बघ."

तर सध्या बूट बघतोय. जर्सी नंतर.

- तृतीय वर्ष, मेकॅनिकल